अल्बम स्वस्तात विकला तर कलाकाराचे पैसे बुडतात का?

सवलत कोणाच्या खिशातून जाते, त्यावर ते अवलंबून आहे. लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, दुकानदाराला ज्या घाऊक भावाने माल देतं, त्यावर बऱ्याच करारांत कलाकाराची रॉयल्टी (विक्रीतला वाटा) ठरते. समजा घाऊक भाव १००, दुकानातली किंमत १४०, रॉयल्टी १५ टक्के. गिऱ्हाईक ओढायला दुकानदाराने तोच अल्बम ९५ला काढला, तरी कलाकाराच्या खात्यावर १५ जमा होतातच. ५चा खड्डा दुकानाला. मोठं दुकान तो हेडफोन-स्पीकर विकून भरून काढतं. फक्त रेकॉर्ड विकणाऱ्याचं मात्र अशा स्पर्धेत कंबरडं मोडतं.

लेबलनेच घाऊक भाव ७०वर आणला तर गणित बदलतं: रॉयल्टी साडेदहा. शिवाय ‘मिड-प्राइस’ किंवा ‘बजेट’ अशा कमी किमतीच्या गटात टाकलेल्या अल्बमवर टक्काही कमी करायचं कलम करारात अनेकदा असतं, म्हणजे दुहेरी कात्री. सही करण्याआधी ते कलम शोधाच. आणि खात्यावर जमा म्हणजे हातात नव्हे. लेबलकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत सगळं तिच्यातच वळतं होतं.

घेणाऱ्याला कलाकाराला जास्त द्यायचं असेल, तर थेट विक्री बरी. बँडकॅम्प ही कलाकारांना थेट विक्री करू देणारी वेबसाइट डिजिटल अल्बमवर साधारण १५ टक्के कापते (पेमेंटचा खर्च वेगळा), आणि कलाकाराने मुभा ठेवली असेल तर किमतीपेक्षा जास्तही देता येतात.