अमेरिकन आर्मीत भरती होतोय, घर माळकरी, लशीत जिलेटिन असतं म्हणून धार्मिक सवलत मागता येते का?

मागता येते. मिळेल का ते वेगळं. आत्ता भरती होतोयस म्हणजे लहानच असशील म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

माझी केस सेम टू सेम. २०१८ ला फोर्ट जॅक्सनला बेसिक ट्रेनिंग केलं. पहिल्याच दिवसांत रांगेत उभं करून दोन्ही दंडांत सुया, वर ढुंगणात पेनिसिलिनची ती जाड सुई, पीनट बटर शॉट म्हणतात तिला, नंतर आम्ही सगळे फरशीवर बसून डुलतोय, गाठ विरघळावी म्हणून. त्या गडबडीत एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) पण टोचली, आणि तिच्यात डुकराचं जिलेटिन असतं हे मला २०२० ला कळलं. ते घरच्या ग्रुपवर टाकायचा मूर्खपणा मी केला. झालं, काका सुरू. मंगल पांडेने काडतूस दाताने तोडलं नाही आणि तू खुशाल दंड पुढे केलास. प्रत्येक फोनला हेच.

मग २४ ऑगस्ट २०२१ ला कोविड लशीची सक्ती आली आणि मी तिरीमिरीत कमांडरला सवलतीचा मेमो दिला. पुढे डॉक्टर, मग चॅपलिन म्हणजे सैन्यातला धर्मगुरू, मग कागद वर वर जात थेट आर्मीच्या सर्जन जनरलकडे, म्हणजे सगळ्यात वरच्या डॉक्टरकडे. निकाल येईपर्यंत कुणी टोचत नाही. डॉक्टरने घटकांची यादीच दाखवली, फायझरमधे जिलेटिन नाही, अंडंही नाही. माझा मुद्दा तिथेच गार, पण मी हट्टाला पेटलेलो.

चॅपलिन बॅप्टिस्ट होता. पोथीत कुठे लिहिलंय असलं काही तो विचारत नाही, १९९३ च्या धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्याने त्याने तुझी श्रद्धा खरी आहे का एवढंच बघायचं, पोपने स्वतः लस घेतली म्हणून कॅथलिक सैनिकाचा अर्ज बाद होत नाही. मला म्हणाला, मेसमधे काय खातोस? मी ऐटीत सांगितलं, भात, बीन्स, सॅलड, आणि गोड म्हणून रोज ती लाल जेलो. त्याने पेन थांबवलं. म्हणाला, जेलो कशाची करतात माहितीय ना? जिलेटिनची.

दुसऱ्या दिवशी मेमो मागे घेतला.

तर काकांसाठी अर्ज करू नकोस. तुला स्वतःला खरंच पटत असेल तरच कर, आणि ताटापासून औषधाच्या कॅप्सूलपर्यंत सगळं आधी बघून घे कारण चॅपलिन तेच विचारणार आणि लिहून वर पाठवणार. कोविडच्या वेळी आर्मीत हजारो अर्ज गेले, मंजूर फार थोडे झाले, आणि सगळ्या दलांत मिळून लस नाकारणारे ८ हजारांच्या वर लोक घरी गेले. आणि मंगल पांडेला मेमो द्यायची सोय नव्हती हो, मला होती, हा फरक काकांना अजून कळलेला नाही.

हां, मी वकील नाही, २०२२ ला बाहेर पडलोय. कोविडची सक्ती १० जानेवारी २०२३ ला उठली, बाकीचं रिक्रूटरच्या तोंडी न ऐकता लेखी बघ. एमएमआरचं म्हणशील तर आधी रक्त तपासून घ्यायला सांग, अँटीबॉडी असतील तर बहुतेक टोचतच नाहीत. फ्लूच्या लशीत अंडं नको असेल तर फ्लुब्लॉक ही बिनअंड्याची लस आहे का विचार.

जेलो बंद केलीय, काका.