कंबरेतून पायात उतरणारी कळ : सायटिकाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ३६, दिवसभर बैठं काम. तीन आठवड्यांपासून डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत जाते. एमआरआयमध्ये ‘एल ४-एल ५ची गादी बाहेर आली आहे, डावी नस दबते आहे’ असं आलंय. नातेवाईक म्हणतात, आत्ताच ऑपरेशन करून टाक, नाहीतर पाय जाईल. खरंच घाई करायला हवी का? *(एक वाचक, ठाणे)*

उत्तर : आधी पायातली ताकद बघा, रिपोर्ट नंतर. भिंतीला हात टेकून नुसत्या टाचांवर दहा पावलं चाला. मग एकेका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उंच व्हा. खुर्चीत बसून दोन्ही अंगठे वर ओढून धरा आणि घरातल्या कुणाला तरी ते बोटाने खाली दाबायला सांगा. डावा-उजवा सारखाच जोर लावत असतील तर घाईचं कारण नाही. पण डावा अंगठा लगेच खाली जात असेल, चालताना चवडा जमिनीवर आपटत असेल किंवा चप्पल नकळत पायातून निसटत असेल, तर स्नायूंची ताकद कमी झाली आहे. मग मणक्याच्या डॉक्टरांना एक-दोन दिवसांत दाखवा. हीच तपासणी दर दोन दिवसांनी करून वहीत नोंदवा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्या नोंदीचा फार उपयोग होतो.

एल ४-एल ५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली की बहुतेकदा एल ५ ही नस दबते, आणि तिची कळ नेमकी तुम्ही लिहिलेल्या वाटेने जाते. त्याखालची, म्हणजे एल ५-एस १ची (कंबरेचा शेवटचा मणका आणि माकडहाडावरचं त्रिकास्थी यांमधली) गादी असेल तर कळ पोटरीच्या मागून करंगळीकडे आणि तळव्याकडे जाते, चवड्यावर उभं राहणं जड जातं. दुखण्याची वाट आणि रिपोर्ट जुळतात का, हे पाहायलाच हवं. काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येसुद्धा फुगलेल्या गाद्या दिसतात. रिपोर्ट उजवीकडची नस सांगत असेल आणि दुखतंय डावीकडे, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

गादीचा मऊ गर बाहेर आला की नस दबते, शिवाय त्यातल्या रसायनांमुळे तिला सूज येते. सुरुवातीच्या असह्य कळांमध्ये या सुजेचा वाटा मोठा असतो. ती काही आठवड्यांत ओसरते आणि बाहेर आलेला गर शरीरातल्या पेशी हळूहळू शोषून घेतात. रिपोर्टमधले ‘एक्स्ट्रुजन’ (गर गादीबाहेर पडणं), ‘सिक्वेस्ट्रेशन’ (त्याचा तुकडा सुटून वेगळा होणं) हे शब्द वाचून माणूस हादरतो, पण गादीपासून सुटलेला मोठा तुकडा नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा आणि जास्त प्रमाणात आकसतो.

ऑपरेशनचं म्हणाल तर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा आधार घेता येतो. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांवर लवकर ऑपरेशन केलं, उरलेल्यांवर आधी बिनऑपरेशनचे उपचार केले. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा पाय दुखायचा लवकर थांबला. मात्र वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन लागलं, हेही लक्षात ठेवा. तुमचे तीनच आठवडे झालेत आणि ताकद शाबूत असेल, तर थांबण्यात धोका नाही. बारा आठवड्यांनंतरही झोप लागू न देणारी कळ असेल, तर ऑपरेशनचा विचार जरूर करा. त्यात कमीपणा काही नाही.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही : लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, सायकलची सीट टेकते त्या जागी बधिरपणा आला किंवा दोन्ही पाय एकदम लुळे वाटू लागले, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. तिथे उशिराची किंमत तासांत मोजली जाते.

प्रश्न : वय ४४, यंत्रमागावर काम. आठ दिवस फळीवर झोपून आहे, तरी पोटरीतली कळ जात नाही. ‘नस आखडली आहे, रोज वाकून पायाचे अंगठे धर म्हणजे मोकळी होईल’ असं सांगतात. केलं तर जास्तच दुखतं. *(एक वाचक, इचलकरंजी)*

उत्तर : जास्त दुखणारच, ते अंगठे धरणं आजपासून बंद करा. नस आखडलेली नसून सुजलेली आहे. गुडघा ताठ ठेवून वाकलं की ती ओढली जाते, शिवाय गादीवरचा दाब वाढतो. पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं आणि पाठीवर कुणाला तरी चालायला लावणं, हे सगळं सध्या वर्ज्य.

पडून राहणंही सोडा. एक-दोन दिवसांपलीकडच्या अंथरुणाने सायटिका लवकर बरी होत नाही, उलट पाठीचे स्नायू ढिले पडतात. फळीची गरज नाही, मध्यम घट्ट अंथरूण पुरे. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी. दिवसातून पाच-सहा वेळा पाच ते दहा मिनिटं सपाट जागी चाला. एकदम तासभर फिरायला जाऊ नका. बसणं एका वेळी वीस मिनिटांवर नको. मांडी घालून, उकिडवं किंवा खोल सोफ्यात तर अजिबात नको. घरात भारतीय बैठकीचा संडास असेल तर काही आठवडे कमोडची खुर्ची वापरा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथताना कळ थेट पायात जाते. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी ते हमखास होतं.

आता व्यायाम. पालथं पडून दोन मिनिटं नुसतं स्वस्थ राहा. मग कोपरांवर छाती उचलून दोन मिनिटं. तेवढं सोसलं तर तळहात टेकून भुजंगासनासारखी छाती उचला, फक्त पाठ आवळायची नाही. सगळा जोर हातांचा, कंबर सैल, ओटीपोट जमिनीला टेकलेलं. वर एक-दोन सेकंद, परत खाली. असं दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी.

चूक होते ती इथेच. लोक ‘कमी दुखतंय की जास्त’ एवढंच बघतात. बघायचं असतं ते दुखणं पायात *कुठपर्यंत* पोचतं. पोटरीतली कळ मांडीपर्यंत मागे सरली, मग कुल्ल्यात आली, तर व्यायाम लागू पडतोय, त्या वेळी कंबर थोडी जास्त दुखली तरीही. उलट कंबरेला बरं वाटतंय पण मुंग्या तळव्यात उतरल्या, तर तो व्यायाम त्या दिवशीच थांबवा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा.

तीव्र कळ ओसरल्यावर नस हलती ठेवण्याचा व्यायाम : खुर्चीत बसा, दुखरा पाय गुडघ्यात सरळ करताना मान वर करा, पाय खाली आणताना हनुवटी छातीकडे. दहा वेळा, दिवसातून दोनदा. ताण जाणवू लागताच थांबायचं, धरून ठेवायचं नाही.

कामावर परतताना मागापुढे उभं राहिलात की विटेएवढ्या उंचीवर एक पाय ठेवा आणि पाय बदलत राहा. बीम (सूत गुंडाळलेला जड रूळ) उचलणं पहिले सहा आठवडे दुसऱ्याकडे द्या.

प्रश्न : कंबरपट्टा, वजन लावून कंबर ताणणं, बी१२ची इंजेक्शनं, प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) यांतलं नेमकं काय घ्यावं? *(एक वाचक, लातूर)*

उत्तर : पट्टा प्रवासापुरता तासभर चालेल, दिवसभर नको. वजन लावण्याचा खात्रीचा फायदा दिसलेला नाही. बी१२ कमी असेल तर ते घ्यायलाच हवं, शाकाहारी लोकांनी तपासून घ्यावं. पण दबलेली नस त्याने सुटत नाही. प्रीगॅबालिनची सायटिकासाठी झालेली मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात बिनऔषधाच्या गोळीपेक्षा जास्त आराम मिळाला नाही, गरगरणं मात्र वाढलं. आधीपासून घेत असाल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवा. आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेनसारख्या गोळ्या जेवणानंतर, थोडे दिवस. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, जठरव्रण किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्या नकोत. नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे.

प्रश्न : आईचं वय ६४, मधुमेह आहे, हृदयासाठी क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारं औषध चालू आहे. दोनशे पावलं चाललं की दोन्ही पाय भरून येतात. बसलं किंवा हातगाडीवर वाकून टेकलं की बरं वाटतं. मणक्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. *(एक वाचक, नाशिक)*

उत्तर : हे वर्णन मणक्यातली पोकळी अरुंद झाल्याचं आहे. त्यांना वर दिलेला भुजंगासनाचा व्यायाम देऊ नका, मागे वाकलं की पोकळी आणखी आवळते. त्यांना उताणं झोपून एकेक गुडघा पोटाशी घेणं, स्थिर सायकल आणि थांबत-थांबत चालणं मानवेल. मधुमेहात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पाय भरतात. मात्र तेव्हा नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, बसावं लागत नाही. डॉक्टरांकडून पावलांच्या नाड्या एकदा पाहून घ्या. पायांना बधिरपणा असेल तर गरम पाण्याची पिशवी लावू नका. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनकडून फार अपेक्षा ठेवू नका. अशाच ४०० रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या २०१४च्या अभ्यासात भूल देणाऱ्या औषधात स्टेरॉइड मिसळलं किंवा नाही, सहा आठवड्यांनी फरक जवळजवळ नव्हता. एकाच पायाच्या तीव्र सायटिकात त्याचा उपयोग थोडा जास्त होतो, तोही काही आठवड्यांपुरता. घ्यायचंच ठरलं तर ते सी-आर्म या क्ष-किरण यंत्राखाली, सुईची जागा पडद्यावर बघूनच दिलं जाईल ना, हे विचारा. क्लोपिडोग्रेल साधारण आठवडाभर आधी बंद करावं लागतं, पण हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका. स्टेंट नुकताच बसवला असेल तर इंजेक्शन पुढे ढकला. पहिले काही तास बरं वाटेल ते भुलीमुळे. स्टेरॉइडचा गुण यायचा असेल तर दोन दिवसांपासून आठवड्याभरात येतो, तोवर कळ परत आली म्हणून घाबरू नका. आणि इंजेक्शननंतर निदान आठवडाभर रोज उपाशीपोटी व जेवणानंतर साखर तपासा. ती बरीच चढते, म्हणून गोळ्या-इन्सुलिनचा डोस कसा वाढवायचा हे आधीच लिहून घ्या.