टाकीच्या काचेवरचा थर आणि ती निळी बाटली

काच पुसली की दोन दिवसांत पुन्हा धूसर होते, टाकीत चेरी कोळंबी आहे आणि दुकानदार शेवाळाचं औषध घ्या म्हणतोय, असं तुम्ही मालवणहून लिहिलंय. वाचून राहवलं नाही. कोळंबी आत असेपर्यंत ते औषध टाकू नका.

इथे रत्नागिरीत आमच्या टाकीचं नेमकं हेच झालं. दुकानातून लेबल नसलेली, निळं पाणी भरलेली बाटली मिळाली. ‘झाकणभर टाका, काच आपोआप साफ होईल.’ सकाळी गोगलगायी कवचातून अर्ध्या बाहेर लोंबत होत्या, कोळंबी शिजवल्यासारखी गुलाबी होऊन खडीवर आडवी, आणि मासे वर येऊन तोंड उघडत होते. आमची सुपारीची वाडी आहे. पावसाआधी बोर्डो या बुरशीनाशक फवाऱ्यासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, भिजवतो, तो निळा रंग लगेच ओळखू येतो. किट आणून पाणी तपासलं, तांबंच निघालं. कोळंबी-गोगलगायींना ते अगदी थोडंसुद्धा सोसत नाही. शिवाय शेवाळ एकदम मेलं की कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं, म्हणून मासेही धापा टाकतात. दुकानात विचारलं तर आधी ‘तुमचं पाणीच खराब’, मग ‘माल वरून येतो, आत काय असतं आम्हाला माहीत नाही’. जिवंत जीव विकणाऱ्याने असं बोलावं, याचा मला आजही राग येतो. तांबं खडीत मुरतं आणि पुन्हा पाण्यात उतरतं, त्यामुळे सगळी खडी फेकावी लागली.

आता तुमच्या काचेचं. बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर शेवाळ, खरखरीत पांढरं लागलं तर क्षार. टाकी नवी असेल आणि थर तपकिरी असेल तर पुसत राहा, बहुतेक वेळा काही आठवड्यांत तो कमी होतो. हिरवे घट्ट ठिपके स्पंजने निघत नाहीत, त्यांना ब्लेडच लागतं. पण ब्लेड फक्त काचेला. अॅक्रिलिकची टाकी असेल तर अजिबात नको. कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासूनही लांब ठेवा. काच घासायचं मॅग्नेट (आतबाहेर धरायची चुंबकाची जोडी) किंवा स्पंज खडीच्या वर दोन बोटं थांबवा. वाळूचा एक कण मध्ये अडकला तर काचेवर रेघ उठते, ती सहजासहजी जात नाही. क्षारांच्या पांढऱ्या रेषेसाठी पाणी थोडं उतरवून फडक्यावर व्हिनेगर घ्या, पाण्यात ओतू नका. खाडीकाठच्या बोअरचं पाणी असेल तर ही रेषा परत परत येणार.

आधी काच घासा, मग पाव टाकी पाणी बदला, म्हणजे सुटलेला गाळ पाइपातून निघून जातो. दिवा सहा ते आठ तास पुरे, खिडकीचं ऊन नको. माझ्या मते निम्मं शेवाळ यानेच आटोक्यात येतं. अर्थात, प्रत्येकाचं पाणी वेगळं.

‘काच चाटेल’ म्हणून सकर मासा गळ्यात मारतील, तोही घेऊ नका. तो फूटभराच्या वर वाढतो आणि घाण भरपूर करतो. आधीच आणला असेल तर ओढ्यात-नदीत सोडू नका, मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या.

पाणी विहिरीचं आहे की बोअरचं, तेवढं कळवा.