वेगवेगळ्या समाजांनी मिळून सांस्कृतिक कार्यक्रम करताना नेमकी कशाची काळजी घ्यावी?

तुमच्या भागात सात-आठ भाषांची, वेगवेगळ्या धर्मांची माणसं राहतात, सगळ्यांचा मिळून एक कार्यक्रम करायचाय, ५००च्या आसपास लोक येतील आणि कोणाचंही मन न दुखावता तो वेळेत कसा पार पाडायचा, असं तुम्ही विचारलंय. अशा कार्यक्रमांत श्रद्धेवरून वाद क्वचितच होतात. रुसवेफुगवे होतात ते ‘आमची चार मिनिटं कापली’, ‘आमच्या गाण्यालाच माइक बंद पडला’, ‘आमचं नाव चुकीचं घेतलं’ यावरून. त्यामुळे सगळ्यांना समान वागणूक मिळते की नाही, हे वेळापत्रकात आणि ध्वनियंत्रणेत दिसतं. स्वागताच्या भाषणातली एकतेची भाषा तिथे कामाला येत नाही.

आधी तारीख ठरवा आणि ती एकाच दिनदर्शिकेवरून ठरवू नका. इस्लामी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, त्यामुळे त्यातले सण आणि उपवासाचा महिना दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतात. शिवाय चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक पडू शकतो. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत चालतो, म्हणजे शनिवारची दुपार निवडलीत तर धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबं कार्यक्रमातून आपोआप वगळली जातात. ईस्टरच्या तारखाही सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या एक नसतात: २०२५ मध्ये पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या चर्चचं) ईस्टर एकाच दिवशी, २० एप्रिलला आलं, पण २०२४ मध्ये पहिलं ३१ मार्चला आणि दुसरं ५ मे रोजी होतं. प्रत्येक समाजाकडून ‘या दिवशी आम्हाला जमणारच नाही’ अशा तारखा लिहून घ्या आणि उरलेल्यांतून निवडा. ‘कोणता दिवस सोयीचा?’ असं विचारलंत, तर ज्यांचा आवाज मोठा त्यांचाच दिवस ठरतो. शाळांच्या परीक्षाही याच यादीत धरा.

समिती सात ते नऊ जणांची पुरे. मात्र एका माणसाला अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी समजू नका. एकच भाषा बोलणाऱ्यांतही पंथ, प्रांत आणि पिढ्या वेगळ्या असतात. गटाचं नाव आणि ओळख त्या गटानेच लिहून द्यावी. समितीने त्यात शुद्धलेखनापलीकडे काही बदलू नये.

आता वेळेचा हिशोब. सादरीकरणं १२, प्रत्येकाला ६ मिनिटं, म्हणजे ७२ मिनिटं. मधल्या ११ अदलाबदली प्रत्येकी ३ मिनिटांच्या, म्हणजे ३३. सुरुवात, सत्कार आणि एकमेव भाषण मिळून १०. हे झाले ११५. ५ मिनिटं राखीव ठेवली की बरोबर दोन तास. बहुतेक आयोजक अदलाबदलीची ३३ मिनिटं मोजतच नाहीत आणि कार्यक्रम तिथेच घसरतो. कार्यक्रम उशिरा सुरू झाला की फटका शेवटच्या गटांना बसतो आणि त्यांना वाटतं, आम्हाला मुद्दाम मागे टाकलं. म्हणून वेळ कमी पडली तर काय गाळायचं, हे आदल्या दिवशीच लिहून ठेवा: आधी सत्कार, मग भाषण. सादरीकरण कापायचं नाही. पाहुण्यांना हे आधीच सांगितलं तर कोणी नाराज होत नाही.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा असं पुष्कळांना वाटतं. शेवटचा क्रमांक चिठ्ठीने काढा, पण बाकीचा क्रम तांत्रिक गरजेप्रमाणे लावा आणि तसं उघड सांगा. वाद्यवृंद सगळ्यात आधी घ्या, कारण त्याची मांडणी प्रेक्षक येण्यापूर्वी करून ठेवता येते. ढोलांच्या दणदणाटानंतर लगेच एकट्याचं हळुवार गायन ठेवू नका; कान सरावेपर्यंत ते अर्धं संपलेलं असतं. लहान मुलांची सगळी सादरीकरणं सुरुवातीला घेतली की ती संपताच पालक मुलांना घेऊन निघतात आणि उरलेल्यांना रिकाम्या खुर्च्या पाहाव्या लागतात; ती विखरून ठेवा, फक्त फार उशिरा नकोत. आणि पाकळ्या, रंग किंवा पाणी उडवणाऱ्या नृत्यानंतर कसरतीचं किंवा अनवाणी नृत्य कधीही नको. विंगेत एक रुंद झाडू, कोरडं फडकं आणि ते हातात घेऊन तयार असलेला एक माणूस हवाच. ओल्या फळीवर पाय घसरून मुरगळलेला घोटा हा अशा कार्यक्रमांतला अगदी टाळता येण्यासारखा अपघात आहे.

हे जमायचं तर प्रत्येक गटाकडून पंधरा दिवस आधी एक पानभर माहिती घ्या: माणसं किती, बसून की उभं राहून, अनवाणी की बुटांत, माइक किती, गाणं रेकॉर्ड केलेलं की प्रत्यक्ष, सादरीकरण नेमकं किती मिनिटं-सेकंदांचं, आग-पाणी-धूर काही आहे का. आठ नर्तकांना मोकळेपणी नाचायला साधारण आठ मीटर बाय सहा मीटर मंच लागतो. मंच लहान असेल तर गटाला तालमीच्या वेळीच जमिनीवर चिकटपट्टीने तेवढी चौकट आखून द्या. उघडी ज्योत असेल तर जागेच्या मालकाची परवानगी आणि हाताशी अग्निशामक, नाहीतर नकोच.

आवाजाची तपासणी उलट्या क्रमाने करावी. शेवटच्या गटाची आधी, पहिल्या गटाची शेवटी. म्हणजे पहिल्या गटाची मांडणी मंचावर तशीच राहते. बारा-पंधरा जणांच्या समूहगायनाला माणशी एक माइक देऊ नका, दोन-तीन कंडेन्सर माइक (लांबून येणारा आवाजही नीट टिपणारे) गायकांपासून ६० सेंटिमीटर ते एक मीटरवर ठेवा. घुंगरू किंवा बुटांचा ताल ऐकू यायला हवा असेल तर मंचाच्या कडेला जमिनीलगत माइक लागतो. तो नसला तर नृत्याचा अर्धा भाग प्रेक्षकांपर्यंत पोचतच नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून मंचापासून ३० मीटर मागे जादा स्पीकर लावलात तर मंचावरचा आवाज तिथे ८८ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि शब्द दुहेरी ऐकू येतात. मागच्या स्पीकरला तेवढा विलंब लावायला ध्वनितंत्रज्ञाला सांगा. कातडी वाद्यं थंड, दमट हवेत उतरतात. त्यांना सुरात आणायला मंचामागे शांत, कोरडी जागा द्या. गाण्यांच्या फाइल एकाच लॅपटॉपवर क्रमांक घालून आधीच उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवा आणि इंटरनेटवरून थेट वाजवू नका. फोनवरून वाजवावंच लागलं तर तो एअरप्लेन मोडवर टाका.

निवेदकाला कलाकारांची आणि गटांची नावं कागदावर देऊन भागत नाही. प्रत्येक गटाकडून नावांच्या उच्चाराचा व्हॉइस मेसेज मागवा आणि निवेदकाने तो ऐकून आपल्या लिपीत लिहून घ्यावा. प्रत्येक परिचय ४० सेकंदांत संपवा. ‘यांची पारंपरिक कला’ असं मोघम सांगू नका. हे गाणं कापणीचं आहे की लग्नातलं की अंगाईचं, तेवढं एक वाक्य प्रेक्षकाला पुरतं.

खुर्च्या आणि मधल्या वाटा धरून माणशी एक चौरस मीटर ठेवा. उभी गर्दी चौरस मीटरला चार माणसांच्या वर जाऊ लागली की प्रवेश थांबवा. बाहेर पडायच्या वाटांवर स्टॉल किंवा बाबागाड्या नकोत. प्रार्थनेसाठी एक शांत खोली ठेवा आणि मध्यंतर घेणार असाल तर ते वरच्या दोन तासांपेक्षा जादा धरा आणि शक्यतो सूर्यास्ताच्या वेळी घ्या, म्हणजे त्या वेळी प्रार्थना करणाऱ्यांची सोय होते.

खाणं असेल तर पदार्थाच्या नावापेक्षा घटकांची चिठ्ठी महत्त्वाची: मांस कोणतं, अंडं, दूध, दाणे, तीळ, गहू, मद्य. शाकाहारी पदार्थांचं टेबल आणि डाव वेगळे ठेवा; लोक एकाच डावाने दोन्हीकडचं वाढून घेतात आणि मग चिठ्ठीला काही अर्थ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे आणि शिजवलेलं अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

स्वयंसेवकांच्या तुकड्या मात्र समाजाप्रमाणे पाडू नका. दार, विंग, वाढप आणि आवराआवर, प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या गटांतली चार माणसं एकत्र लावा. मंचावर लोक एकमेकांना नुसते पाहतात. ओळखी होतात त्या खुर्च्या उचलताना, म्हणून या याद्या शेवटच्या दिवशी घाईत करू नका. मुलांचे व्हिडिओ कुठेही टाकण्यापूर्वी पालकांची लेखी संमती हवी, आणि त्यासाठीची जागा त्या एका पानाच्या माहितीपत्रकातच ठेवली की नंतर दारोदार फिरावं लागत नाही.