कॅनकूनला निघालात? व्हिसा, समुद्र आणि शाकाहारी जेवण: तुमचे प्रश्न

मेक्सिकोतल्या कॅनकूनबद्दल गेल्या दोन महिन्यांत इतकी पत्रं आलीत की या वेळचं सदर तिलाच देतेय. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत आई-बाबा भारतातून आले की एक ट्रिप कॅनकूनची ठरलेली असते. मी स्वतः चार वेळा जाऊन आलेय, त्यातल्या दोन वेळा सासूबाईंना घेऊन, म्हणून जे सांगतेय ते बरोबर वयस्कर माणसं आणि लहान मुलं आहेत असं धरूनच सांगतेय.

प्रश्न: आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे डॅलसला आलेत. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय आहेत, मी एच-वन-बीवर आहे. मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागेल का?

आई-बाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा चालू असेल तर त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, ग्रीन कार्ड असलं तरी चालतं. अडचण बहुतेक वेळा तुमचीच होते. एच-वन-बीचं एक्स्टेन्शन मंजूर झालेलं असतं, मंजुरीचा कागद हातात असतो, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असतो आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही. तो कागद अमेरिकेत राहायला पुरतो, मेक्सिकोत शिरायला पुरत नाही, आणि हे कळतं कधी तर एअरपोर्टच्या चेक-इन काउंटरवर, आई-बाबा बॅगा घेऊन शेजारी उभे असताना. तेव्हा तिकीट काढायच्या आधी सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडून तारखा बघा, स्टॅम्प संपला असेल तर मेक्सिकोच्या कॉन्सुलेटमधून व्हिसा काढा, आणि परत येताना काय लागेल ते तुमच्या इमिग्रेशन वकिलालाही विचारून ठेवा. अजून एक, आई-बाबांचा इन्शुरन्स नुसता अमेरिकेपुरता आहे की मेक्सिकोतही चालतो ते पॉलिसीत वाचा, हे खूप जण विसरतात.

प्रश्न: एअरपोर्टवर फसवणूक होते असं ऐकलं, खरं का?

अडवणूक होते असं म्हणू. कस्टममधून बाहेर पडलात की लगेच दार येत नाही, मध्ये एक हॉल लागतो आणि तिथे इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट अशी माणसं उभी असतात. ते अगदी अधिकारी असल्यासारखं विचारतात, कुठलं हॉटेल, गाडी बुक केलीये का. हे लोक टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क, विकणारे असतात. आम्हाला एकाने सांगितलं की तुमची गाडी निघून गेली, या बसा, दुसरी करून देतो, आणि सासूबाई थकलेल्या म्हणून आम्ही बसलो, तर पाऊण तास रिसॉर्टचे फोटो बघण्यात गेला. आमचा ड्रायव्हर बाहेर पाटी घेऊन केव्हाचा उभा होता. म्हणून तिथे थांबायचंच नाही, 'नो ग्रासियास' म्हणायचं आणि चालत थेट इमारतीच्या बाहेर यायचं, आधी बुक केलेली गाडी बाहेरच असते.

सामान कमी असेल तर एडीओ कंपनीची बस टर्मिनलवरूनच मिळते, एसी असते, साधारण अर्ध्या तासात गावातल्या बसस्टँडवर सोडते. टॅक्सीला मीटर नसतो, त्यामुळे आधी भाडं ठरवा आणि मगच दार उघडा.

प्रश्न: मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत. समुद्रात उतरायला कॅनकून सुरक्षित आहे का? आणि ते शेवाळ कधी येतं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. कॅनकूनचा हॉटेल झोन म्हणजे बावीस-तेवीस किलोमीटरची वाळूची चिंचोळी पट्टी, नकाशात इंग्रजी सातच्या आकड्यासारखी दिसते, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाजण. सातच्या वरच्या आडव्या दांडीचं तोंड उत्तरेला, इस्ला मुहेरेस बेटाकडे आहे, तिथलं पाणी शांत आणि उथळ. लांब उभ्या दांडीचं तोंड पूर्वेला उघड्या समुद्राकडे, तिथे लाटा जोरात येतात आणि आत ओढणारे प्रवाह असतात. हॉटेल बुक करताना बहुतेक जण स्विमिंग पूल आणि बुफेचे फोटो बघतात, पण मुलं असतील तर आधी हॉटेल कुठल्या दांडीवर आहे ते बघा. प्लाया लांगोस्ता, प्लाया तोर्तुगास हे वरच्या बाजूचे बीच, तिथे सहा वर्षांचं पोर कमरेएवढ्या पाण्यात तुमच्या हाताशी खेळू शकतं. प्लाया देल्फिनेस खालच्या बाजूला, कॅनकूनचं नाव लिहिलेल्या मोठ्या रंगीत अक्षरांपाशी फोटो काढायला सगळे तिथे जातात, जरूर जा, वरून दिसणारा तो निळा रंग बघण्यासारखाच आहे, पण पोहायला नको.

आपल्याला कोकणातला समुद्र माहीत असतो, पावसाळ्यात तो गढूळ होतो, गर्जतो, बघूनच कळतं की आज उतरायचं नाही. इथलं पाणी धोक्याच्या दिवशीही काचेसारखं निळं दिसतं आणि तिथेच आपला अंदाज चुकतो. म्हणून रंगावर जाऊ नका, झेंड्यावर जा. हिरवा म्हणजे उतरा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नको, काळा म्हणजे बीच बंद. लाल झेंडा असताना पलीकडे चार लोक मजेत पोहताना दिसतील, तरी नाही. आणि कधी प्रवाहात सापडलातच तर किनाऱ्याच्या दिशेने जोर लावू नका, दम संपतो, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग किनाऱ्याकडे या. हे नऊ वर्षांच्या मुलाला समजतं, वाळूत बोटाने काढून दाखवा.

शेवाळ म्हणताय ते सार्गासो, तपकिरी समुद्री शैवाल, साधारण एप्रिल ते ऑगस्ट जास्त येतं, कधी त्याच्या पुढेही. किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो, दम्याच्या माणसांनी त्या ढिगाजवळ बसू नये. उत्तरेकडच्या बीचवर आणि इस्ला मुहेरेसच्या प्लाया नोर्तेला ते बरंच कमी लागतं, फेरीबोटीने वीस-पंचवीस मिनिटं, एक अख्खा दिवस तिकडे ठेवाच. चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. 2005 च्या ऑक्टोबरमधल्या विल्मा वादळाने इथली वाळूच वाहून नेली होती, नंतर समुद्राच्या तळातून उपसून किनाऱ्यावर परत टाकावी लागली. माझ्या मते डिसेंबर ते मार्च सगळ्यात बरं, महाग पडतं तरी.

आणि बीच हॉटेलच्या मालकीचा नसतो, मेक्सिकोत किनारे सार्वजनिक आहेत. खुर्च्या-छत्र्या हॉटेलच्या, वाळू सगळ्यांची, सतरंजी टाकून बसलात तर बिचकू नका.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत, आई अंडंही खात नाही. आठ दिवस काय खायचं? पोळी-भाजी मिळणार नाही हे माहिती आहे.

पोळी नाही पण तिच्या जवळचं मिळेल. मक्याचा तोर्तिया म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दळून थापलेली भाकरीच, गरम तव्यावरून उतरलेला हातात घ्या, वास ओळखीचा वाटेल. गव्हाचा मात्र विचारून घ्या, त्यात डुकराची चरबी असू शकते. मेक्सिकोत तिला मान्तेका म्हणतात आणि ती घोटलेल्या राजम्यातही असते, म्हणजे ताटात मांसाचा तुकडा नसला तरी पदार्थ शाकाहारी असेलच असं नाही. भातसुद्धा पुष्कळदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. म्हणून नुसतं 'सोय वेहेतारियाना', म्हणजे मी शाकाहारी आहे, म्हणून भागत नाही (पुरुषाने वेहेतारियानो म्हणायचं), पुढचं सगळं म्हणा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका, सिन वेवो. मांस, चिकन, मासे, चरबी, अंडं नको. फोनवर स्पॅनिशमध्ये लिहून ठेवा आणि वेटरला दाखवा, ते आत जाऊन विचारून येतात, मला कुणी कधी कंटाळा केलेला दिसला नाही.

मागायचं काय, तर भोपळ्याच्या फुलांचा केसादिया म्हणजे चीज घालून दुमडलेला तोर्तिया, नोपाल म्हणजे निवडुंगाच्या पानांची भाजी, मशरूमचे टाको, ग्वाकामोले म्हणजे अ‍ॅव्होकाडोची चटणी. मक्याचे दाणे कपात मिळतात, एस्कितेस, ते 'सिन मायोनेसा' मागा कारण मेयोनीजमध्ये अंडं असतं, आणि दाणे चिकनच्या पाण्यात उकडलेत का तेही विचारा. प्यायला आग्वा दे हामाइका घ्या, लालभडक आंबट-गोड, आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आहे ते, सासूबाईंनी एका घोटात ओळखलं. चिंचेचंही मिळतं. हाबानेरो या जहाल मिरचीची चटणी मात्र आपल्या ठेच्याच्या हिशोबाने घेऊ नका, आधी बोटाच्या टोकावर.

एक संध्याकाळ गावात घालवा, मी हात जोडून सांगते. हॉटेल झोनमधून आर-वन किंवा आर-टू बस गावाकडे जाते, सुटे पेसो द्यायचे, उतरायचं असेल तर 'बाहान' म्हणायचं. पार्के दे लास पालापास नावाची बाग आहे, तिथे कॅनकूनची माणसं मुलाबाळांना घेऊन येतात, आजीआजोबा बाकांवर बसलेले असतात. गाड्यावर मार्केसिता करतात, लांब दांड्याच्या गोल लोखंडी साच्यात पातळ पीठ ओततात, साचा मिटून आचेवर उलटसुलट करतात, वर पिवळं चीज किसतात आणि गरम असतानाच सुरनळी करतात, ती दोन मिनिटांत कडक होते आणि चावली की कुर्रकन मोडते. पिठात अंडं असतं, त्यामुळे आईंसाठी नाही, त्यांना शेजारी तिखटमीठ-लिंबू लावलेला आंबा मिळेल.

नळाचं पाणी पिऊ नका, दातही बाटलीच्या पाण्याने घासा. पोट बिघडलंच तर बऱ्याच औषधांच्या दुकानांना लागून डॉक्टरची छोटी खोली असते, फी कमी असते, अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देत नाहीत.

प्रश्न: चिचेन इत्सा एका दिवसात होतं का?

होतं, माया लोकांच्या या प्राचीन शहराचं कॅनकूनपासून अंतर साधारण 200 किलोमीटर आहे. पण घड्याळाचं लक्षात ठेवा, कॅनकून ज्या किंताना रो राज्यात आहे ते 2015 पासून वेगळ्या वेळेवर चालतं, चिचेन इत्सा युकातान राज्यात येतं आणि तिथे एक तास मागे असतं. जाताना एक तास मिळतो, येताना जातो, त्यामुळे संध्याकाळचं विमान किंवा फेरी त्या दिवशी ठेवू नका. पहाटे निघून सकाळी उघडताच आत शिरा, अकरानंतर दगडांतून वाफा येतात आणि मधल्या पटांगणात सावली नाही, आई-बाबांसाठी टोपी-छत्री हवीच.

तिथल्या मोठ्या पिरॅमिडवर आता चढू देत नाहीत, गुडघे दुखणाऱ्यांना त्यामुळे काही चुकल्यासारखं वाटायला नको. चार बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या आणि माथ्याची एक धरून 365. जिन्यासमोर उभं राहून एक टाळी वाजवा, पायऱ्यांवरून परत येणारा आवाज टाळीचा नसतो, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो, लोक म्हणतात केत्साल पक्ष्याचा. सासूबाईंनी सात-आठ टाळ्या वाजवल्या.

परतताना सेनोते म्हणजे जमिनीतल्या गोड्या पाण्याच्या कुंडात पोहायला नेतात. आधी अंगाचं सनस्क्रीन शॉवरखाली धुवायला लावतात, ते खरंच धुवा, या भागात नद्या वाहताना दिसत नाहीत, पाणी सगळं चुनखडीच्या खालून वाहतं आणि तेच लोकांच्या विहिरींना जातं. लाइफ जॅकेट पोहता येत असलं तरी घाला, कुंड खोल असतं आणि पाय टेकत नाहीत.