डबल कॅब पिकअपमध्ये आवाज फार येतो. साउंड डॅम्पिंग घरी जमेल का, आणि माल किती लागेल?

तुमची गाडी डबल कॅब व्ही-क्रॉस आहे, ऐंशीच्या पुढे गेलं की मागच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, आणि दुकानदार म्हणतोय की फ्लोअर, दारं, छत सगळीकडे चंदेरी शीटचे दोन थर मारू. माझं उत्तर: घरी नक्की जमेल, पण दोन थर मारू नका. दुकानदार सांगतोय त्याच्या पाव हिश्शाएवढीच शीट घ्या आणि उरलेला खर्च फोम, जड व्हिनाइल आणि भोकं बुजवण्यावर करा.

ती चंदेरी शीट म्हणजे ब्युटाइल रबराचा चिकट थर आणि वर अॅल्युमिनियमची फॉइल. तिचं काम एकच, पत्र्याची थरथर मारणं. वाजणाऱ्या घंटेवर तळहात ठेवला की ती गप्प होते, त्यासाठी सगळी घंटा मुठीत धरावी लागत नाही. पत्रा थरथरला की पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये ब्युटाइल ओढलं-ताणलं जातं आणि थरथरीची ऊर्जा तिथे उष्णता होऊन जिरते. सपाट पत्र्याच्या मधोमध पाव ते एक तृतीयांश भाग झाकला की यातला बहुतेक फायदा मिळून जातो. पुढे लावाल तेवढं वजन वाढतं, शांतता नाही. हवेतून येणारा आवाज, म्हणजे इंजिनाची घरघर आणि टायरचा घोंगाट, ही शीट फारसा अडवत नाही. त्याला वजनदार, सलग आणि पत्र्यापासून सुटा पडदा लागतो.

तो पडदा म्हणजे मास लोडेड व्हिनाइल, बाजारात एमएलव्ही. साधारण ३ मिमी जाड, चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास. फ्लोअरचा ०.८ मिमी पत्रा धरला तर त्याचं वजन चौरस मीटरला सुमारे ६ किलो, म्हणजे एमएलव्ही टाकल्यावर भिंतीचं वजन जवळपास दुप्पट होतं. पण हे व्हिनाइल थेट पत्र्यावर चिकटवलं तर ते पत्र्याबरोबरच हलतं. म्हणून मध्ये ६ मिमीचा क्लोज्ड सेल फोम हवा, पाणी न पिणारा. पिवळा किंवा राखाडी स्पंज गाडीत कुठेही नको. तो पाणी धरतो आणि दोन पावसाळ्यांत खालचा पत्रा गंजवतो.

माल घेण्याआधी भोकं शोधा. एखाद्या भिंतीत १ टक्का जागा उघडी असेल तर उरलेली ९९ टक्के भिंत कितीही जाड केली तरी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. पिकअपमध्ये ही भोकं ठरलेली असतात: फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) वायरिंग आत येतं ते ग्रोमेट (रबरी कडं), स्टिअरिंग कॉलमचं बूट, एसीच्या पाइपांची जागा, गिअर लिव्हर आणि असल्यास फोर-बाय-फोरच्या लिव्हरखालचं रबर, फ्लोअरची रबरी बुचं. अंधारात बॉनेट उघडून आणि गाडीखालून कुणाला तरी तेज बॅटरी फिरवायला सांगा, तुम्ही आतून मॅटिंग उचलून बघा. प्रकाश आला तिथून आवाजही येतो. दारांसाठी सोपी परीक्षा म्हणजे कागदाची पट्टी बीडिंगवर (दाराच्या कडेचं रबर) ठेवून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निसटली तर तिथलं बीडिंग दबलंय किंवा दाराचा स्ट्रायकर (लॉक ज्यात अडकतं तो चौकटीवरचा हूक) बाहेर आलाय. हवेची शिट्टी वाजते ती बहुतेकदा इथूनच. स्ट्रायकर एखाद-दोन मिमी आत सरकवणं फुकट आहे आणि त्याचा फरक कधीकधी हजारोंच्या शीटपेक्षा जास्त पडतो. फाटलेलं ग्रोमेट बदला. नवं मिळत नसेल तर ब्युटाइलची दोरी दाबून बसवा. सिलिकॉन लावू नका, पुढे वायरिंग काढताना इलेक्ट्रिशियन शिव्या घालतो.

आता हिशोब. डबल कॅबचं फ्लोअर आणि पायांसमोरचा उतार मिळून साधारण ३ चौरस मीटर, मागची भिंत १, चार दारांचे बाहेरचे पत्रे मिळून २, छत २. एकूण ८ धरा. ब्युटाइल शीट २ मिमीची, साडेतीन चौरस मीटर, म्हणजे ३८-४० चौरस फूट. एमएलव्ही ४ चौरस मीटर. फोम ७, म्हणजे फ्लोअर, मागची भिंत आणि छत यांना पुरून थोडा उरेल. ब्युटाइल चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास धरलं तर सगळं मिळून ३०-३५ किलो होतात. दुकानदाराचे दोन थर सगळीकडे मारले तर जवळपास ४८ किलो, आणि त्यात एमएलव्ही शून्य! याशिवाय ब्युटाइल दोरी, आयसोप्रोपिल अल्कोहोल १ लिटर, छोटा लोखंडी रोलर, हातमोजे (फॉइलची कड ब्लेडसारखी कापते), ट्रिम काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि दाराच्या पॅनेलच्या डझनभर जादा क्लिपा. जुन्या क्लिपा तुटणारच, विशेषतः थंडीत.

स्वस्त म्हणून डांबरी शीट गळ्यात मारतात, तेवढं सांभाळा. शीटचा तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी वाकवा. डांबरी बहुतेकदा तडकते, ब्युटाइल वाकतं. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं छत हात लावू देत नाही. डांबरी शीट तिथे मऊ पडून हेडलायनरवर (छताच्या आतल्या अस्तरावर) उतरते आणि केबिनभर ताज्या रस्त्याचा वास येतो.

कामाला बसण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे असतात. ते सुटे असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि कोड साठून राहतो, मग स्कॅनरशिवाय जात नाही. पत्रा आधी ओल्या फडक्याने, मग अल्कोहोलने पुसा. रॉकेल किंवा पेट्रोल नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो. पाऊस पडत असताना हे काम काढू नका. मॅटिंगखाली ओल राहिली तर ती शीट आणि व्हिनाइलच्या खाली कोंडली जाते. शीट लावल्यावर रोलर इतका दाबून फिरवायचा की फॉइलवरची नक्षी सपाट झाली पाहिजे. शीट खाली पडण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा अर्धवट रोलिंग किंवा धूळ, मालाची खोट नव्हे.

सुरुवात मागच्या भिंतीपासून करा. कारमध्ये मागे डिकी असते, पिकअपमध्ये मागच्या सीटच्या पाठीशी एकेरी पत्रा आणि त्यापलीकडे थेट मालाचा हौदा. मोठा, सपाट आणि कानाच्या सर्वांत जवळचा पत्रा हाच, तुमच्या मागच्या प्रवाशाची तक्रारही बरीचशी इथलीच आहे. सीट काढून बोटाच्या पेराने टकटक करा. जिथे डब्यासारखं घुमतं तिथे शीट लावा, जिथे ठोस वाजतं तिथे सोडा. या भिंतीवर मात्र निम्मा पत्रा झाकायला हरकत नाही. त्यावर फोम, मग एमएलव्ही. दोन्हींच्या मध्ये संपर्क-गोंद किंवा दुतोंडी टेप चालतो, पण वजन गोंदावर सोडू नका. एमएलव्हीची वरची कड मूळच्या ट्रिमखाली किंवा बोल्टखाली अडकवा.

याच भिंतीत खाली कोपऱ्यांत रबरी पडद्यांच्या झडपा सापडल्या तर त्या झाकायच्या नाहीत. दार लावताना आणि ब्लोअर चालू असताना हवा तिथून बाहेर जाते. बंद केल्या तर काचा वर असताना दार आपटावं लागतं, कानात दडा बसतो आणि एसीचा झोत मंदावतो. झडपेसमोर दोनेक इंच जागा सोडून फोमची आडवी टोपी करा: हवा वळून जाते, आवाज थेट येत नाही. जॅक आणि पाने याच भागात असतील तर त्यांना फडकं गुंडाळा. पुष्कळ वेळा लोक ज्याला "बॉडीचा खडखडाट" म्हणतात तो जॅकचा हँडल असतो.

दारांमध्ये घाई महागात पडते. पॅनेलचे स्क्रू हँडलच्या खाचेत आणि टोप्यांखाली लपलेले असतात. ते काढल्यावर खालच्या कडेपासून क्लिपा सोडवा. आत प्लॅस्टिकचा पडदा दिसेल, तो फाडू नका. काळ्या चिकट दोरीवरून ब्लेड फिरवून अलगद सोडवा. काचेवरून दारात पाणी उतरतंच, त्याला बाहेरच्या बाजूला ठेवून खालच्या भोकांतून काढून देणं हे त्या पडद्याचं काम. परत बसवताना नवी ब्युटाइल दोरी वापरा, नाहीतर पहिल्या पावसात पॅनेल आणि मॅटिंग भिजेल.

बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला हात घालून साधारण १५ × २० सेंमीचे तुकडे लावत जा. मोठा तुकडा आत नेता येत नाही, दुमडतो आणि भलत्या ठिकाणी चिकटतो. आडव्या लोखंडी बीमच्या वर आणि खाली, पत्र्याच्या मध्यभागी. खालचे दोन इंच कोरे ठेवा, तिथे पाणी जायची भोकं आणि कारखान्यातलं मेण असतं. ते मेण पुसूही नका. आतल्या पत्र्याची मोठी भोकं शीटने कायमची बुजवायचा सल्ला इंटरनेटवर भरपूर मिळतो. त्याने स्पीकरचा बास सुधारतो हे खरं, पण उद्या काचेची मोटर गेली की ती शीट खरवडत बसावं लागतं. शिवाय काही गाड्यांत साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर दारातच असतो, तिथे भोकं बुजवणं धोक्याचं. पॅनेल लावण्याआधी काच पूर्ण वर-खाली करा, लॉक चालवून बघा.

फ्लोअरवर कारखान्यातली डांबरी पॅडं आधीपासून असतील, ती खरवडू नका. मोकळ्या सपाट भागात शीटचे तुकडे, वर सलग फोम, वर सलग एमएलव्ही. मूळचं जाड फेल्ट टाकून देऊ नका, ते सगळ्यांच्या वर येईल. एमएलव्हीचे सांधे २-३ सेंमी एकावर एक घेऊन टेपने बंद करा. पायांसमोरचा उतार डॅशबोर्डखाली हात पोचेल तिथपर्यंत झाका, डिझेलचा आवाज मुख्यतः तिथून येतो.

दोन गोष्टी इथे जिवावरच्या आहेत. सीटच्या पायाखाली आणि बेल्टच्या बोल्टखाली फोम किंवा व्हिनाइल अजिबात येता कामा नये. मऊ थर दबत जातो आणि बोल्ट सैल होतो. तेवढी जागा कापून सीट पत्र्यावरच बसवा, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळायच्या ठरावीक जोराने) आवळा. दुसरं, अॅक्सिलरेटर आणि क्लचखाली जाडी वाढू देऊ नका. पेडल तळापर्यंत जातंय ना, ते इंजिन बंद ठेवून तपासा आणि मॅट हुकात अडकवा. बॉनेटच्या बाजूने फायरवॉलवर फोम चिकटवू नका. टर्बो आणि तेल जिथे आहे तिथे ते आगीला आमंत्रण.

छत शेवटी, आणि तेही हेडलायनर सोडवायची तयारी असेल तरच. पडदा-एअरबॅग (छताच्या कडेतून खाली उघडणाऱ्या) असलेल्या व्हेरियंटमध्ये मी हात घालणार नाही. नसतील तर मध्ये शीटचे चार-पाच पट्टे आणि वर हलका फोम. पावसाचा ताडताड आवाज आणि उन्हाची धग दोन्ही कमी होतात. एमएलव्ही छताला नको.

एवढं करूनही जो आवाज जाणार नाही तो म्हणजे ठरावीक आरपीएमला येणारं घुमणं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, म्हणजे १८०० आरपीएमला ६० हर्ट्झ. इतक्या खालच्या सुरापुढे ५ किलोचं व्हिनाइल काहीच नाही. तिथे इंजिन माउंटिंग, सायलेन्सरची रबरं आणि एक्झॉस्टचे सांधे बघावे लागतात. खड्ड्यातली कुरकुर स्प्रिंगच्या पाट्यांच्या बुशांची आणि टायरचा घोंगाट एमटी (चिखलासाठीच्या खोल नक्षीच्या) टायरचा असेल, तर त्याला केबिनमध्ये औषध नाही.

फरक मोजायचा असेल तर मोबाइलचं डेसिबल अॅप आधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून लावा. अॅपमधला डीबीए आकडा खालचे सूर कमी धरतो, त्यामुळे कानाला जाणवणारा फरक आकड्यात पूर्ण दिसत नाही.

काम झाल्यावर गाडी एकदा वरून पाणी मारून धुवा आणि दुसऱ्या दिवशी चारही दारांपाशी मॅटिंगखाली हात घालून बघा. ओल लागली तर त्या दाराचा पडदा नीट बसलेला नाही, पॅनेल पुन्हा उघडा.