टचपॅड बदलण्याआधी लॅपटॉप टेबलावर ठेवून बघा

ताई, मुलीचा तीन वर्षांचा लॅपटॉप कायम चार्जरला, काढला तर जेमतेम तासभर चालतो, हल्ली टचपॅडचं क्लिक दबत नाही आणि दुकानदार 'टचपॅड बदला' म्हणतोय, हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. आधी तो बंद करा, चार्जर काढा, सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतोय? कडेला फट पडलीय? मग टचपॅड बिचारा बहुतेक ठीक आहे, खालची बॅटरी फुगून त्याला वर ढकलत असणार.

माझं अगदी हेच झालं होतं. आमची ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली वरची खोली, पत्र्याखालची. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 च्या आसपास, आणि मी लॅपटॉप गादीवर ठेवून महिनोन्‌महिने 100 टक्क्यांवर. का, तर वीज कधी जाईल नेम नाही, भरलेली असू दे! हीच घोडचूक. लिथियमची बॅटरी काठोकाठ भरलेली आणि वर गरम, याच्याइतकं तिला दुसरं काही बाधत नाही.

पण खरा पैसा बुडाला तो सर्व्हिस सेंटरात. नाव घेत नाही. चार दिवस ठेवून घेतला, टचपॅड बदलला, 3,800 रुपये घेतले, पावतीवर 'बॅटरी ओके'. अहो, टचपॅड काढताना खालची उशी दिसली नाही? तीन आठवड्यांत नवाही अडकला. तक्रार केली तर म्हणे, वापरणाऱ्याची चूक. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने माझ्यासमोर उघडला नि म्हणाला, "भाईसाब, ये तो तकिया हो गया." तेव्हापासून डोळ्यांसमोर उघडल्याशिवाय मी कुणाकडे मशीन सोडत नाही.

मी इंजिनिअर नाही, हिशेब लिहिणारा माणूस, तेव्हा माझं ऐकून स्वतः आत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. नवी बॅटरी बसली की सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्ज 80 टक्क्यांवर थांबवायची सोय शोधा. बऱ्याच कंपन्या देतात, नावं वेगवेगळी. मग खुशाल चार्जरला लावून ठेवा. 'आधी पूर्ण उतरू दे, मग भर' हे जुन्या निकेल-कॅडमियमच्या जमान्यातलं, विसरा. सुट्टीत महिनाभर बंद ठेवायचा असेल तर निम्मा भरून ठेवा, रिकामा नको. आणि गादी नको, लाकडी पाट घ्या. कूलरची ओली हवा थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नका, हे बॅटरीपेक्षा कीबोर्डसाठी.

विंडोज असेल तर बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. माझी निम्म्यावर आली होती.

फुगलेली निघाली तर चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका, घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. मी शहाणा, जुनी बॅटरी पिशवीत घालून घरी आणली. बायकोने ती रात्रभर गच्चीत वाळूच्या बादलीत ठेवायला लावली आणि सकाळी चहाच्या आधी ई-कचरा घेणाऱ्याकडे पिटाळलं.